टोपणावरची रेघ : पर्यावरणपूरक माल बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांना खुलं पत्र

पर्यावरणपूरक वस्तूंचे कारखानदार, वितरक, दुकानदार आणि जाहिरातवाले मित्रहो,

स.न.वि.वि.

मंदी आली की आपल्या धंद्यात एक बैठक हमखास होते. पडद्यावर आलेख असतो, त्यातली रेघ उजवीकडे खाली झुकलेली असते, आणि कुणीतरी जाणता माणूस घसा साफ करून म्हणतो, "ग्राहकांमध्ये जागरूकता वाढवायला हवी." मग पुढची तिमाही आपण जागरूकता वाढवतो. लेबलावरचं पान मोठं होतं, हिरवा रंग गडद होतो, दोन हात पृथ्वीला कवेत घेतात. माल जिथे पडून होता तिथेच पडून राहतो.

गेली सोळा वर्षं मी हाच माल विकतो आहे. कपड्यांचे आणि भांड्यांचे साबण, दिवे, कापडी पिशव्या, पुन्हा भरायच्या बाटल्या. अशा बैठकांमध्ये मीही मान डोलावली आहे, एकदा तर पडद्याशेजारी उभा राहून तेच वाक्य मीच बोललो होतो. त्यामुळे हे पत्र तुम्हाला जेवढं लागू आहे तेवढंच मलाही आहे.

विक्रीतल्या माणसाला एक खोड लागते. दुकानात गेला की तो वस्तू बघत नाही, वस्तू बघणाऱ्यांना बघतो. असाच एकदा रॅकच्या टोकाला उभा होतो. एका बाईंच्या दोन हातांत दोन बाटल्या होत्या, डाव्या हातात साधा साबण आणि उजव्या हातात आमचा. आमची बाटली त्यांनी फिरवली आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली. सगळी वाचली. मग माल लावणाऱ्या मुलाला विचारलं, "यात किती धुणी होतात ते कुठे लिहिलंय का रे?" त्याला माहीत नव्हतं. "बरं, याचं नुसतं रिफिल येतं का? मागची बाटली आहे माझ्याकडे." तेही येत नव्हतं. त्यांनी आमची बाटली परत ठेवली, ओळीत नीट बसेल अशी ठेवली, आणि साधा साबण घेऊन त्या पुढे गेल्या.

मागची बाटली आहे माझ्याकडे. म्हणजे बाई आमच्या जुन्या गिऱ्हाईक होत्या, आणि रिकामी बाटली फेकून न देता जपून ठेवणाऱ्या होत्या. त्यांच्यात मी आणखी कोणती जागरूकता घालणार होतो? त्यांनी दोनच प्रश्न विचारले, दोन्ही हिशेबाचे. आमच्या बाटलीवर उत्तर होतं पृथ्वीचं.

मला तुमच्यापुढे मांडायचं आहे ते एवढंच. आपल्या बहुतेक मालाचा खर्च आधी असतो आणि बचत नंतर. चांगल्या दिवसांत गिऱ्हाईक हे दोन्ही एका मापात धरतं. मंदीत त्याच्याकडे 'नंतर' भरपूर असतं, 'आधी' नसतं. नोकरी टिकेल का, ओव्हरटाइम मिळेल का, पगार वेळेवर होईल का, या काळजीत असलेल्या माणसाला आपण सांगतो, आज चार पैसे जास्त द्या, पाच वर्षांनी फायदा आहे. तो नाही म्हणतो. आणि आपण म्हणतो, लोकांना पर्यावरणाचं काही पडलेलं नाही.

हे पहिल्यांदा घडतंय असंही नाही. 2008 च्या जुलैत कच्चं तेल पिंपाला 147 डॉलरवर गेलं तेव्हा अमेरिकेत टोयोटाच्या प्रियस या पेट्रोल कमी खाणाऱ्या हायब्रिड गाडीसाठी लोक नंबर लावून थांबले होते. त्याच महिन्यात कंपनीने ही गाडी मिसिसिपीतल्या नव्या कारखान्यात बनवण्याचं जाहीर केलं. डिसेंबरपर्यंत तेल 40 डॉलरच्या खाली आलं, बाजार कोसळलेला होता, प्रियसचा उठाव गेला आणि कारखान्याचं काम बेमुदत थांबलं. 2011 मध्ये तो कारखाना अखेर सुरू झाला तेव्हा त्यातून बाहेर पडू लागली ती साधी कोरोला. आता जुलैत निसर्गप्रेमी असलेली माणसं डिसेंबरात निसर्गाच्या विरोधात गेली, असं कुणी म्हणेल का? तेल महाग होतं तोवर गाडीचा जादा दर लवकर वसूल होत होता. तेल उतरलं आणि ती वसुली लांब गेली. सगळी गोष्ट एवढ्यात आली.

साबणाच्या बाजारातही तेच. क्लोरॉक्स या बड्या कंपनीने 2008 च्या सुरुवातीला 'ग्रीन वर्क्स' नावाने नैसर्गिक घटकांची साफसफाईची उत्पादनं आणली. सुरुवातीला विक्री 10 कोटी डॉलरच्या वर गेली. मग मंदीची वर्षं आली आणि ती साधारण 6 कोटींवर उतरली. माल बिघडला नव्हता. शेजारच्या फळीवरचा साधा माल स्वस्त होता, आणि घर दोन्हींनी सारखंच स्वच्छ होत होतं.

याच्या उलटं उदाहरणही आहे, आणि ते मला जास्त शिकवून गेलं. फिलिप्सने 1994 मध्ये अमेरिकेत 'अर्थलाइट' नावाचा कमी वीज खाणारा सीएफएल दिवा आणला. नावात पृथ्वी, आणि आकार असा बोजड की घरातल्या पुष्कळ दिव्यांमध्ये तो बसायचाच नाही. फारसा चालला नाही. 2000 मध्ये कंपनीने त्याचा आकार नेहमीच्या बल्बासारखा केला आणि नाव ठेवलं 'मॅरेथॉन'. पृथ्वी गेली, पाकिटावर आलं लांब आयुष्य आणि विजेच्या बिलातली बचत. बाकी बाजार जागच्या जागी असताना या दिव्याची विक्री 12 टक्क्यांनी वाढली. दिव्याने वाचवलेली वीज पर्यावरणाला आधीही उपयोगी होती आणि नंतरही. फक्त ती आता गिऱ्हाइकाच्या भाषेत सांगितली होती, आणि दिवा होल्डरमध्ये बसत होता. होल्डरमध्ये बसणं ही गोष्ट आपण जाहिरातीच्या नादात किती वेळा विसरतो!

दिव्याचा हिशेब सांगायला सोपा आहे म्हणून सांगतो. 60 वॅटचा जुना बल्ब आणि जवळपास तेवढाच उजेड देणारा 9 वॅटचा एलईडी. रोज पाच तास लावला तर वर्षाला 93 युनिटांचा फरक पडतो. हा आकडा पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापा आणि खाली लिहा, 'आपल्या बिलावरचा युनिटचा दर घ्या आणि गुणा'. गुणाकार गिऱ्हाइकाला करू द्या. त्याने स्वतः काढलेल्या उत्तरावर त्याचा जेवढा विश्वास बसतो तेवढा आपल्या कुठल्याही घोषवाक्यावर बसत नाही. आणि ज्याच्या घरात तो दिवा दिवसातून पंधरा मिनिटंच लागतो त्याला कळेल की आपल्याला याची घाई नाही. कळू द्या. तो माणूस पुढच्या वेळी तुमचं पाकीट वाचेल.

पण हिशेब छापला की काम झालं असं मी म्हणत नाही. हिशेब पटलेली माणसंही हात आखडतात. जेरी हाउसमन या अर्थतज्ज्ञांनी 1979 मध्ये घरगुती एअर कंडिशनरच्या खरेदीचा अभ्यास केला. महाग पण वीज कमी खाणारं यंत्र निवडताना लोक पुढच्या बचतीला वर्षाला सुमारे 20 टक्क्यांची कात्री लावतात, असं त्यांना आढळलं. म्हणजे पुढच्या वर्षी वाचणारे 120 आज फक्त 100 वाटतात, त्याच्या पुढच्या वर्षीचे आणखी कमी. आणि कमाई जेवढी कमी तेवढी कात्री मोठी. हे वाचून 'गरिबाला दूरचं दिसत नाही' असा अर्थ काढणारे मी पाहिले आहेत. ज्याला महिनाअखेरीला उसने घ्यावे लागतात त्याच्या दृष्टीने पुढच्या वर्षीचा पैसा खरोखरच स्वस्त असतो. त्याची कात्री बरोबर आहे. चूक असेल तर आपल्या विकण्याच्या रीतीत आहे.

मग आधीचे पैसे कुणी घालायचे? केनियात एम-कोपा नावाच्या कंपनीने 2012 पासून याचं एक उत्तर दिलं. घरावर छोटं सौर पॅनल, दोन-तीन दिवे, मोबाइल चार्ज करायची सोय. सुरुवातीला थोडी अनामत, मग रोज मोबाइलवरून छोटी रक्कम. ही रक्कम ठरवताना त्यांनी बघितलं की घरात रॉकेलवर रोज किती जातात. साधारण वर्षभर हप्ते भरले की सामान त्या घराचं. विकली जाणारी वस्तू पर्यावरणपूरक होती यात शंका नाही, पण घराघरात ती शिरली ती रॉकेलच्या जागी, रॉकेलच्याच पैशांत.

इथे मला जरा थांबायला हवं, कारण 'हप्ते' हा शब्द ऐकून आपल्यातल्या काहींचे डोळे चमकतात. मंदीत माणसाला हप्त्याला लावणं सोपं असतं आणि ते पाप असतं. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे : हप्ता हा त्या वस्तूमुळे त्याच दिवशी, त्याच महिन्यात वाचणाऱ्या पैशांपेक्षा कमी हवा. हप्ता जास्त आणि बचत कमी असेल तर तुम्ही दिवा विकत नाही, कर्ज विकता. ते विकायला दुसरे लोक आहेत.

हप्त्याशिवायही 'आधी' हलकं करता येतं. बाटली एकदाच विका, पुढे आतला माल विका. बाटलीवर अनामत ठेवा आणि परत आणली की तिथल्या तिथे हातात पैसे द्या. 'पुढच्या खरेदीवर सवलत'चं कूपन देऊ नका. हातात पैसे. जर्मनीत 2003 पासून एकदाच वापरायच्या पेयांच्या बाटल्या-डब्यांवर कायद्याने अनामत आहे, 25 सेंट. ते सेंट रोख आहेत म्हणून लोक बाटल्या परत आणतात, वाटेत पडलेल्या दुसऱ्यांच्या बाटल्याही उचलतात. त्यांना निसर्गाबद्दल काय वाटतं हे बाटल्या परत घेणारं यंत्र विचारत नाही.

लहान मापाचंही तसंच. मंदीत लोक मोठा डबा घ्यायचं सोडतात आणि लागेल तेवढंच घेतात. आपल्याकडे मात्र हिरवा माल नेहमी भल्या मोठ्या 'फॅमिली पॅक'मध्ये, कारण त्यात प्लॅस्टिक कमी लागतं हे आपल्याला सांगता येतं. सांगता येतं, विकता येत नाही. दुसरं टोक म्हणजे साध्या मालवाल्यांचं सॅशे, जे गटारात जातं. मधला रस्ता सुट्या मालाचा आहे : गिऱ्हाइकाचं भांडं, आपला नळ, हवं तेवढं माप. यात दुकानदाराला कटकट आहे, सांडतं, वजनात वाद होतात, हे मला माहीत आहे. त्या कटकटीचं मार्जिन त्याला द्या. जाहिरातीच्या बजेटातून द्या, मी तर म्हणेन.

आता पानांकडे येतो. म्हणजे लेबलावरच्या पानांकडे.

2007 मध्ये टेराचॉइस या संस्थेने उत्तर अमेरिकेतल्या दुकानांमधली पर्यावरणाचा दावा करणारी 1,018 उत्पादनं तपासली. त्यांतल्या एकाचा अपवाद सोडला तर बाकी सगळ्यांचा दावा कुठे ना कुठे लंगडा निघाला. कुठे पुरावा नाही, कुठे शब्द मोघम, कुठे एका छोट्या गुणाआड मोठा दोष लपवलेला. तेव्हापासून नियम कडक होत आले आहेत. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 1992 मध्येच अशा दाव्यांसाठी मार्गदर्शिका काढली होती. 2012 च्या सुधारणेत त्यांनी स्पष्ट केलं की नुसतं 'इको-फ्रेंडली' म्हणू नका, नेमकं काय ते सांगा. युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेला कायदा 27 सप्टेंबर 2026 पासून लागू करायचा ठरला, आणि त्यात पुराव्याशिवायच्या 'पर्यावरणस्नेही', 'हरित' अशा ढोबळ शब्दांवर बंदीच आहे.

आपल्यातले काही जण या नियमांना संकट म्हणतात. मंदीच्या दृष्टीने बघा. पैसे मोजून खर्च करणारा माणूस मोघम शब्दाला आधी कापतो. 'निसर्गाशी नातं' याची किंमत त्याला काढता येत नाही, म्हणून तो शून्य धरतो. 'थंड पाण्यात डाग निघतात, पाणी तापवायला लागत नाही' याची किंमत त्याला लगेच काढता येते. 2005 मध्ये 'टाइड कोल्डवॉटर' हा साबण याच मुद्द्यावर बाजारात आला. गरम पाण्यात कपडे धुण्याची जिथे सवय आहे तिथे धुण्याच्या विजेचा मोठा भाग पाणी तापवण्यात जातो. तो वाचवा, असं कंपनीने सांगितलं. हिरवं म्हणायची गरजच पडली नाही.

शिवाय 'हरित' म्हणताना आपण स्वतःलाही फसवतो. आपल्या लाडक्या कापडी पिशवीचंच घ्या. ब्रिटनच्या पर्यावरण संस्थेने केलेल्या अभ्यासात असं निघालं की हवामानावरच्या परिणामाच्या बाबतीत पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीशी बरोबरी करायची तर सुती पिशवी 131 वेळा वापरावी लागते. मी स्वतः अशा पिशव्या प्रत्येक खरेदीवर फुकट वाटल्या आहेत. एका घरात गेलो तर दाराच्या खुंटीवर आमच्या सात पिशव्या एकात एक कोंबून टांगलेल्या, घड्यासुद्धा न मोडलेल्या. सात गुणिले 131. ते घर त्या पिशव्या कधी फेडणार होतं? त्या दिवसानंतर फुकट पिशवी बंद केली आणि ज्याच्या हातात कुठलीही जुनी पिशवी दिसेल त्याला बिलात थोडी सूट दिली. पिशव्यांचा खर्च वाचला, सूट त्यातूनच भागली.

'ग्रीनवॉशिंग', म्हणजे हिरवेपणाचा खोटा मुलामा, हा शब्द कसा आला ते आठवा. जे वेस्टरवेल्ड या पर्यावरण अभ्यासकाने 1986 मध्ये तो वापरला, तो हॉटेलांतल्या टॉवेलांच्या पाट्यांवरून. 'निसर्ग वाचवण्यासाठी टॉवेल पुन्हा वापरा'. धुलाईचा खर्च वाचणार हॉटेलचा, आणि पुण्य म्हणे पाहुण्याचं. पुण्य त्यालाच ठेवू दे, धुलाईच्या पैशातला वाटा पाहुण्याला दिला असता तर कुणाची तक्रार नव्हती. याच टॉवेलांवर 2008 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. नेहमीच्या पर्यावरणाच्या आवाहनाने 35 टक्के पाहुण्यांनी टॉवेल पुन्हा वापरला, आणि 'इथे राहिलेले बहुतेक पाहुणे वापरतात' एवढं लिहिल्यावर 44 टक्क्यांनी. उपदेशापेक्षा शेजाऱ्याचं उदाहरण भारी पडलं. मंदीत तर शेजारी काय करतो याकडे माणसाचं जास्तच लक्ष असतं. मात्र 'बहुतेक वापरतात' हे खरं असेल तरच लिहा.

आणि आता टोपण. हे मी शेवटी ठेवणार होतो, पण पत्राला नावच त्याचं दिलंय तेव्हा फार ताणत नाही.

आमच्या कपड्यांच्या साबणाची बाटली एक लिटरची होती. घट्ट साबण, एका धुण्याला 25 मिली पुरे. म्हणजे बाटलीत 40 धुणी. आमचा सगळा दावा या 40 वर उभा : कमी पाणी वाहून न्यायचं, कमी प्लॅस्टिक, आणि दर धुण्यामागे साध्या साबणापेक्षा महाग नाही. अशा घट्ट साबणाचा फायदा खरा आहे. वॉलमार्टने 2007 मध्ये जाहीर केलं की 2008 च्या मे महिन्यापर्यंत अमेरिकेतल्या त्यांच्या दुकानांत द्रव साबण फक्त घट्टच मिळेल, आणि त्यांनी ते केलंही. पाणी ट्रकमधून हिंडवण्यात कुणाचाच फायदा नव्हता.

पण आमची गिऱ्हाइकं म्हणायची, तुमचा साबण लवकर संपतो. एक म्हणालं, दोन म्हणाली, मग मी घरी बाटली उघडून बसलो. टोपणात काठोकाठ 60 मिली मावत होतं. 25 ची रेघ होती, पण आतल्या बाजूला, दुधी प्लॅस्टिकवर दुधी रेघ. दिव्याखाली तिरकं धरलं तेव्हा कुठे नखाला लागली. औषधाच्या मापात ओतून बघितलं. डोळ्यांच्या अंदाजाने मी 'थोडंसं' म्हणून ओतलेलं 40 मिली भरलं. म्हणजे 40 नाही, 25 धुणी. दर धुण्याचा खर्च 60 टक्क्यांनी वर. साबण विकणारा मी, मलाच जमलं नाही, मग कपड्यांचा ढीग आणि कामाची घाई असलेल्या माणसाला काय जमणार? साध्या साबणाची वर्षानुवर्षांची सवय हाताला असते. हात तेवढंच ओततो.

मी कंपनीला लिहिलं. रेघेला रंग द्या, नाही तर टोपण 25 मिलीचंच करा. उत्तर आलं की साचा बदलायला खर्च आहे, मंदीच्या वर्षात नको. बैठकीत एकाने हसत हसत असंही म्हटलं की बाटली लवकर संपली तर वाईट काय, पुढची बाटली खपते. सगळे हसले. मीही हसलो, हे लिहायला आज लाज वाटते. पुढची बाटली खपली नाही. ज्या बाईंची गोष्ट मी वर सांगितली, त्यांनी 'किती धुणी होतात' असं का विचारलं असेल, हे मला त्या वेळी कळायला हवं होतं.

माल लवकर संपावा, लवकर मोडावा, ही युक्ती फार जुनी आहे. 1924 मध्ये जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्यांनी फीबस नावाची टोळी करून बल्बचं आयुष्य 1000 तासांवर आणलं, आणि ज्याचा बल्ब जास्त टिकेल त्याला दंड लावला. त्यांना परवडलं, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला जागा नव्हती. आपल्या गिऱ्हाइकाला जागा आहे. शेजारच्याच फळीवर आहे.

टिकाऊपणा विकणाऱ्यांचं वाटोळं होतं असंही दिसत नाही. पॅटागोनिया या कपड्यांच्या कंपनीने 2011 च्या नोव्हेंबरात, अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या खरेदीच्या दिवशी, न्यूयॉर्क टाइम्समध्ये पानभर जाहिरात दिली : 'हे जाकीट विकत घेऊ नका'. गरज नसेल तर घेऊ नका, असेल ते दुरुस्त करून वापरा, असं खाली लिहिलं होतं. त्यात धंदेवाईक हुशारी नव्हती असं मी म्हणणार नाही, पुष्कळ होती. पण दुरुस्तीचं काम ते खरोखर करत होते, म्हणून ती पेलली. आपल्यापैकी किती जण सुटा पंप देतात? सुटं झाकण? एलईडी दिव्याला वीज पुरवणारा आतला भाग, ड्रायव्हर, सुटा? वस्तू दहा वर्षं टिकेल म्हणायचं, आणि दोन वर्षांनी वॉशर मागितला तर 'नवीनच घ्या' म्हणायचं, हे आपल्याच दुकानांमध्ये रोज चालतं.

सवलतींबद्दल थोडक्यात. मंदी आली की आपण घाबरून 40 टक्के सूट लावतो. जादा दर हा चांगल्या मालाचा खर्च आहे, असं ज्यांना वर्षभर सांगितलं, ते सूट बघून विचारतात, मग एवढे दिवस आमच्याकडून काय घेत होता? याचं उत्तर नसतं. सूट देण्याआधी दर कशामुळे जास्त आहे ते तपासा. माझ्या अनुभवात निम्म्या वेळा तो मालामुळे नसतो, जाड खोक्यामुळे, काचेच्या हट्टामुळे, 'प्रीमियम' दिसण्याच्या हौसेमुळे असतो. ती हौस काढा आणि दर कायमचा खाली आणा. आणि दर तोच ठेवून गुपचूप माल पातळ करणं, माप घटवणं, हे साध्या मालवाल्यांनी केलं तर लोक चिडतात. आपण केलं तर लोक परत येत नाहीत, कारण आपण इतके दिवस सचोटीच विकत होतो.

आणि काही माल मंदीत विकलाच जाणार नाही, हेही गाठीला बांधा. ज्यात गिऱ्हाइकाचा ना आज पैसा वाचतो ना उद्या, ना तो जास्त टिकतो, नुसतं मनाला बरं वाटतं, अशा मालाचं उत्पादन थांबवा आणि गोदाम मोकळं करा. त्या मालासाठी कर्ज काढून बसलेले दोन जण मला माहीत आहेत. त्यांचा माल वाईट नव्हता. पण पगार थकलेल्या माणसाच्या सदसद्विवेकबुद्धीवर त्यांनी व्याजाचा भरणा ठरवला होता.

यातलं काही तुम्हाला चुकीचं वाटलं तर जरूर सांगा. आकडे घेऊन या, मीही माझी वही घेऊन बसतो.

आपला नम्र,
तुमच्यातलाच एक विक्रेता

ता.क. : कंपनीने टोपण बदललं नाही, म्हणून सध्या मी तेलरंगाची बारीक बाटली आणि एक नंबरचा ब्रश बॅगेत ठेवतो. ज्या दुकानांत जातो तिथे वेळ मिळेल तशा बाटल्या उघडून टोपणाला बाहेरून 25 वर लाल रेघ मारतो आणि वाळवून परत लावतो. तासाला साधारण तीस होतात. गेल्या महिन्यात एका दुकानदाराने विचारलं, लाल रेघेवाल्या बाटल्या आणखी कधी येणार, लोक त्याच मागतात. मी म्हटलं, ब्रश झिजलाय, नवा आणतो आणि येतो.